निळ्या ड्रममधला मसूर

घरात तिला सगळे कुजबूज म्हणत. कारण सरळ होतं. लहानपणापासून ही मुलगी बोलायला लागली की समोरच्याला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायची तेही असं, की बाई गैरहजेरी लावून पुढच्या नावाकडे गेलेल्या असायच्या. पण यंदा ती सुट्टीभर मामाच्या गावी राहून नाटकाच्या शिबिराला गेली होती, आणि शिबिरातल्या सरांनी तिला पोटातून बोलायला शिकवलं होतं. पोटातून! बसमधून उतरल्या उतरल्या तिनं रस्त्याच्या टोकावरून "आईऽऽ, आले गंऽऽ" अशी काही हाक ठोकली, की दुकानाच्या पायरीवर झोपलेलं मांजर उठून चालतं झालं.

दुकान म्हणजे आईचं धान्याचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. आईची ख्याती अशी की तिच्या तांदळात खडा सापडला तर तो पाहायला लोक तिकीट काढतील. चाळणी, झाडू, ओलं फडकं, या तीन गोष्टी तिच्या हातून सुटत नसत. उंदीर या शब्दानंही तिला मळमळायचं.

कुजबूज पडदा सारून आत शिरली. ताई समोरच बसली होती, मांडीवर गोळू. गोळू हा ताईचा मुलगा; नुकता वरचं खायला लागलेला, चारी बाजूंनी गोल. भावजी जहाजावर असल्यामुळे ताई वर्षभरासाठी माहेरी राहायला आली होती. कुजबूजनं पिशवी टाकली, गोळूला उचललं, त्याच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं आणि थांबली.

वास. गोडसर, तेलकट, नाकात वर जाऊन चिकटणारा. नवं प्लास्टिकचं खेळणं कुणी साखरेच्या पाण्यात उकळत ठेवावं तसा.

तिला तो वास परका मुळीच नव्हता. तो बाबांचा वास होता. बाबा रंगाच्या कारखान्यात होते, रंगात जी काय तेलकट रसायनं मिसळतात त्या विभागात, आणि इतकी वर्षं रोज संध्याकाळी ते घरात शिरायच्या आधी त्यांचा वास शिरत आला होता. लहानपणी ताप आला की ही बाबांचा कामावरचा शर्ट उशाशी घेऊन झोपायची. तेव्हा तिला वाटलं, चला, आले घरी! बाबांनीच घेतलं असणार मघाशी गोळूला. एवढंच.

मग सगळे जेवायला बसले. सुट्टीचा दिवस असल्यानं बाबाही होते. आईनं ताटात भात वाढला, वर शिजवलेला मसूर ओतला, आणि भाताची वाफ कुजबूजच्या तोंडावर आली.

तोच वास. शर्टाला नव्हे, भाताला! मसुराला तर इतका की पहिला घास जिभेवर टेकला आणि तिला वाटलं आपण बाबांची बाही चघळतोय. घामासकट. मसुराच्या पाण्यावर बारीक बारीक चकत्या तरंगत होत्या, उजेडात निळ्या-जांभळ्या चमकणाऱ्या. दुरुस्तीच्या गॅरेजसमोरच्या डबक्यावर दिसतात ना, तशा. तिनं घास गिळायचा प्रयत्न केला. घसा म्हणाला, छे. घास परत ताटात आला.

"शी!" ताई म्हणाली. "बाळ परवडलं!"

"काय झालं गं?" आईनं विचारलं. "खडा लागला?" विचारताना तिचा चेहरा असा झाला होता, जणू खडा निघाला तर ती दुकानच बंद करेल.

सुट्टीच्या आधीची कुजबूज असती तर मान हलवून पाणी प्यायली असती. पण आता ही पोटातून बोलणारी कुजबूज.

"भाताला बाबांचा वास येतोय!"

शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं असेल.

बाबांनी आपली बाही नाकाशी नेली, हुंगली. मग आपलं ताट सरकवून ते कुजबूजपासून थोडं दूर बसले.

"झालं समाधान?" आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, म्हणजे ती फार चिडली होती. "मामाच्या घरी गालिचे पाहिलेस, अत्तराचे फवारे पाहिलेस, आता बापाची किळस यायला लागली. ह्याच वासावर वाढलीस तू."

"आई, बाबांची नाही गं! भाताची! तुम्हाला कुणालाच येत नाहीये का वास?"

"कसला वास?" ताईनं खरोखर हुंगून पाहिलं. "मला तर भुकेचाच वास येतोय. गोळूला बघ, त्याला विचार."

गोळूला विचारायची सोय नव्हती. ताई चमचा पुढे न्यायची आणि तो टेबलाच्या खणासारखं तोंड उघडायचा. मऊ भात, मसूर, कालवून गुळगुळीत केलेला. चमचा चाटायचा, ओठ चाटायचा, गालावर सांडलेलं बोटानं ओढून घ्यायचा. शिजलेल्या मसुराचा तो तेलकट लगदा त्याच्या हनुवटीवरून ओघळत होता आणि पोरगं आनंदानं उं-उं करत होतं. त्यानं जन्माला आल्यापासून दुधाशिवाय जे काही चाखलं होतं ते हेच. आईचं, माहेरचं, विश्वासाचं धान्य.

कुजबूज उठून मोरीकडे पळाली.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ड्रम पाहिले.

ती गावाला गेली तेव्हा दुकानात पोती होती. आता पोती गायब. भिंतीला लागून निळे, उंच, प्लास्टिकचे ड्रम उभे, घट्ट झाकणाचे, नीट ओळीत, जसे काही शाळेतले शिस्तीचे मुलगे. एकात तांदूळ, एकात गहू, एकात वाटाणे, एकात मसूर, एकात घेवडा. आई त्यांच्यासमोर उभी राहून एका गिऱ्हाइकाला दाखवत होती आणि तिचा आवाज असा, की नवा बंगला दाखवतेय.

"हात घाला, हात घाला ना! सापडला एक सोंडा तर मसूर फुकट न्या. आणि उंदीर? उंदरानं दात आपटून मरावं. आमच्या ह्यांनी आणून दिलेत. कारखान्यातले. बाजारात असले मिळायचे नाहीत."

गिऱ्हाईक गेल्यावर कुजबूजनं मसुराच्या ड्रमचं झाकण फिरवलं. झाकण फुस्सकन सुटलं आणि आतली हवा तिच्या तोंडावर आली. तिला वाटलं कुणीतरी तोंडात तोंड घालून ढेकर दिली. डोळ्यांत पाणी आलं. तिनं हात आत घातला, मसूर बाजूला सारला आणि ड्रमच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं. बोट सरसर घसरलं. बाहेर काढून उजेडात धरलं तर चकचकीत. अंगठ्यावर चोळलं तर बुळबुळीत. पदार्थाचं तेल बोटाला लागलं की माणूस चाटतो. हे बोट तिनं स्वतःपासून जितकं लांब धरता येईल तितकं लांब धरलं, जणू ते दुसऱ्याचं होतं.

आणि विकून विकून खाली गेलेल्या त्या मसुरात, तळाशी, ड्रमच्या कडेला, सोंडे होते. होते म्हणजे मेलेले. पाय वर, सोंड वर, खडखडीत. मूठभर तरी असतील.

"आई, हे बघ!"

आईनं वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "मेलेत! सगळे मेलेत! बघितलंस? पोत्यांबरोबर आले असतील जुने. हवाच नाही ना आत. मी चाळून टाकते, काही राहत नाही."

"आई, हवा नाही म्हणून मेले की ह्या वासानं मेले?"

"आता सोंड्यांचा पुळका आला का तुला?"

"मला आपला येतोय पुळका! आत बघ ना कसलं बुळबुळीत लागतंय!"

आईनं आपलं बोट फिरवलं, पाहिलं, पदराला पुसलं. "कडधान्याला आपलं असतंच थोडं तेल. तू कधी दुकान चालवलंयस?"

बाबा तेवढ्यात कामाला निघाले होते. कालपासून ते तिच्याशी बोलले नव्हते, पण रागावलेलेही दिसत नव्हते. दिसत होते ते ओशाळलेले, आणि ते जास्त वाईट होतं. ती त्यांच्यामागे पायरीपर्यंत गेली. पोटातला आवाज यावेळी तिनं पोटातच ठेवला.

"बाबा, ह्या ड्रममध्ये आधी काय होतं?"

"रंगात घालायचं. सुकल्यावर रंग कडक होऊन तडकू नये म्हणून असतं एक तेलासारखं." बाबांनी चप्पल सरळ केली. "रिकामे झाले की तिथे उन्हात पडून असतात. मी मागून घेतले. साबणानं धुतले, गरम पाण्यानं धुतले, उलटे करून वाळवले. आई कशी आहे तुला माहितीये, पुन्हा तिनं धुतले."

"वर काही लिहिलं नव्हतं?"

"लेबल होतं. खरवडून काढलं पात्यानं. कसं दिसलं असतं दुकानात?"

"त्यावर काय होतं, बाबा?"

"अगं, नेहमीचंच. हातमोजे घाला, वास घेऊ नका. असं सगळ्यावरच असतं." आणि बाबा निघून गेले.

आता सांगा, ह्याच्यावर माणसानं काय करावं? तिनं जे केलं ते असं. दुपारी ताई वाटी घेऊन बसली, गोळूनं तोंडाचा खण उघडला, चमचा निघाला आणि कुजबूजनं वाटी हिसकावून घेतली. सरळ मोरीत रिकामी केली. लगदा मोरीच्या जाळीवर पसरून बसला, खालीही जाईना. गोळू असा किंचाळला की पडदा हलला.

"डोकं फिरलंय का तुझं?" ताई उठून उभीच राहिली. "भुकेल्या पोराच्या तोंडातला घास काढतेस? नाटक शिकून आलीस ना, ते शाळेत कर! इथं तिकिटं विकलेली नाहीत."

"ताई, ते विष आहे!"

"हो? मग मी रोज खातेय, मेले का? आई खातेय, बाबा खातायत. बाळाचं वजन बघ. तुझ्यापेक्षा चांगलं भरलंय."

"सोंडेही आधी भरलेलेच असतील!"

ताईनं पातेल्यातून दुसरी वाटी भरली. गोळू हुंदके देत देत खायला लागला, आणि चमच्यामागे चमचा जाताना कुजबूज बघत राहिली. त्या तोंडाच्या कोपऱ्यात जमलेला केशरी फेस, तो पुसून पुन्हा आत ढकलणारं ताईचं प्रेमळ बोट. ह्या घरात कुणालाही वास येत नव्हता. येणारच कसा? बाबा रोज तोच वास अंगावर घेऊन येत होते, सगळ्यांची नाकं त्यातच मुरली होती. ती स्वतः सुट्टीभर बाहेर राहून आली म्हणून तिचं नाक वाचलं. आणखी आठ दिवसांत तिचंही मुरेल. मग तीही बसेल ताट चाटत. ह्या विचारानं तिच्या अंगावर काटा आला. वेळ थोडाच होता. त्याच्या आत आईला पटलं पाहिजे, नाहीतर गोळू हे असंच खात मोठा होणार.

---

वाट सापडली ती समोरच्या शिवणकाकूंकडे. शिवणकाकू कपडे शिवत, आणि टाचण्या तोंडात धरून बोलत, म्हणून त्यांचं बोलणं नेहमी दातांतून यायचं. कुजबूज शाळेचा गणवेश उसवून सैल करून घ्यायला गेली होती.

"तुझ्या आईला सांग," काकू टाचण्यांमधून म्हणाल्या, "मसूर चांगलाय. पण त्या भांडेवाल्याकडून काही घेऊ नका म्हणावं. मेल्यानं मला नवं पातेलं दिलं. त्यात काही शिजवलं की घरभर कसला तरी घाण वास! राख लावून घासलं, लिंबू लावलं. शेवटी नेऊन त्याच्या तोंडावर मारलं. भांडलो आम्ही, अख्खा बाजार जमला होता. जुनं पातेलं काढलं तर आता त्यालाही तोच वास. फळीवरच्या सगळ्याच भांड्यांना लागला असणार तो वास."

कुजबूजला काकूंच्या गळ्यात पडावंसं वाटलं. टाचण्या होत्या म्हणून राहून गेलं.

"काकू, पातेलं निर्दोष आहे हो!" ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. काकूंनी एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचली. शेवटची काढली तेव्हा त्यांचा चेहरा आंबट झाला होता.

"म्हणजे मी त्या बिचाऱ्या भांडेवाल्याला शिव्या दिल्या?" त्या म्हणाल्या. मग त्यांना पुढचं कळलं. "आणि खाल्लं मी ते? इतके दिवस? अगं शी शी शी!" त्यांनी पदर तोंडाला लावला. "आईला सांगितलंस?"

"सांगितलं. तिला वाटतं मला बाबांची किळस येते."

"मग?"

"मग तिचं नाक धुवायला हवं," कुजबूज म्हणाली.

दुकान बंद असायच्या दिवशी तिनं आईला बाहेर काढलं. शाळेचे बूट घ्यायचेत म्हणून. आईला कळेना, एका बुटासाठी ही मुलगी नदीकाठच्या बाजारापर्यंत आपल्याला चालत का नेतेय, पुलावर वाऱ्यात का उभी करतेय, मग पुन्हा फुलांच्या गल्लीतून का फिरवतेय. "बूट आहेत की राजवाडा घेतेयस?" आईनं विचारलं. पण आई खुशीत होती. दुकानामुळे तिला कधी असं फिरायला मिळत नसे. पुलावर तिनं केस सोडून पुन्हा बांधले, मोठा श्वास घेतला, "किती छान हवा आहे इथे" म्हणाली. कुजबूज मनात म्हणाली, घे, अजून घे.

परत येताना कुजबूजनं तिला घरी न नेता समोर वळवलं. "काकूंनी तुला बोलावलंय. तुझं माप घ्यायचंय."

काकूंच्या मागच्या खोलीत चुलीवर पातेलं चढलेलं होतं. मसूर, ह्यांच्याच दुकानातला, ह्याच आठवड्यातला. झाकण होतं. काकूंनी आईला खुर्चीवर बसवलं, दाराकडे पाठ करून, दंडाला फीत लावली. कुजबूज पातेल्यापाशी गेली. तिचं काळीज धडधडत होतं. शिबिरातल्या शेवटच्या प्रयोगालाही इतकं धडधडलं नव्हतं. तिनं झाकण उचललं.

वाफ उठली. आधी छताला गेली, मग खाली वळली, आणि संथपणे खोलीभर पसरली.

आई काकूंना काहीतरी सांगत होती, बाही किती लांब हवी वगैरे. मध्येच थांबली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिनं वळून दाराकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही इकडे कसे आलात?" ती म्हणाली.

दारात कुणी नव्हतं.

आईनं पुन्हा पाहिलं. बाहेरच्या रस्त्यावरही कुणी नव्हतं. "आता तर..." ती म्हणाली, आणि तिच्या नाकपुड्या हलल्या. तिनं हळूहळू मान फिरवली. काकू, भिंत, शिलाई मशीन, खिडकी, चूल. कुजबूज हातात झाकण धरून उभी. झाकणावरचे थेंब टपटप खाली पडत होते.

आई उठून पातेल्यापाशी आली. वाकली. तो वास तिनं पूर्ण आत घेतला, आणि कुजबूजला दिसलं की तिच्या तोंडावरचं हसू अजून तिथेच आहे, फक्त त्याच्या खालचं सगळं निघून गेलंय.

"हे आमच्याकडचं आहे?"

"तुमच्याकडचंच," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. एरवी टोमणा मारायची संधी त्या सोडत नसत, पण ही सोडली.

आईनं पळीनं थोडा मसूर घेतला, फुंकला, जिभेवर ठेवला. खऱ्या अर्थानं ती त्या दिवशीच पहिल्यांदा आपलं धान्य चाखत होती असंच म्हणायला हवं. तोंड मिटलं. डोळे मोठे झाले. मग ती मागच्या दारातून बाहेर धावली आणि गटाराच्या कडेला बसली. थुंकली, पाणी मागितलं, चूळ भरली, थुंकली, पदरानं जीभ पुसली. जीभ! दोन बोटांत धरून, खरवडून खरवडून, जसं काही तिच्यावर केस चिकटलाय.

"गोळू," ती एकदम म्हणाली. "मी... मी स्वतः त्याला... अगं, मी ते दोनदा चाळून, मऊ करून..."

आणि तिला पुन्हा उमासा आला.

---

घरी बाबा होते. आईनं पातेलं उचललं, मागच्या अंगणात नेलं. ताई गोळूला भरवत होती. आईनं तिच्या हातातून वाटी काढून घेतली. ताई "अगं आई, तू पण?" म्हणाली आणि मग आईचा चेहरा बघून तिनं गोळूला जवळ ओढलं.

"ड्रम," आई बाबांना म्हणाली. फक्त एवढंच.

"मी धुतले होते," बाबा म्हणाले. "साबणानं. तूही धुतलेस."

"हो."

"रोज खाल्लं मीही."

"हो ना, खाल्लं. सगळ्यांनी खाल्लं."

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग ते असं बोलले जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतायत. "त्या खोलीत आम्ही डबा नेत नाही. कुणीच नेत नाही. बाहेर झाडाखाली जाऊन खातो. हात धुवून." त्यांनी हात पाठीमागे नेले. "पहिल्या दिवसापासून तसंच आहे. डबा नेत नाही आत."

ताईनं गोळूला छातीशी इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरला. ती त्याच्या तोंडात बोट घालून काढत होती, जे काही राहिलं असेल ते, आणि फडक्याला पुसत होती, पुन्हा घालत होती. फडकं केशरी झालं. तेलकट.

कुजबूजला वाटलं होतं की आपलं खरं ठरलं की फार बरं वाटेल. पोटातून मोठ्यानं ओरडावंसं वाटेल. पण तिला सारखं दिसत होतं बाबांचं ते सरकवलेलं ताट. ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. वास आला. येऊ दे.

बंद दिवशी दुकानाचं दार उघडलं. आईनं रस्त्यावर उभं राहून लोकांना हाका मारल्या. तिचा आवाज फुटला तेव्हा कुजबूजनं तो उचलला. "आमच्याकडून नेलेला तांदूळ, गहू, मसूर, वाटाणे, घेवडा, काहीही शिजवू नका होऽऽ! परत आणा होऽऽ!" सगळी गल्ली बाहेर आली. कुणी पिशव्या आणल्या, कुणी बरण्या, कुणी नुसत्या शिव्या. आई सगळ्यांसमोर मान वर करून उभी राहिली आणि प्रत्येकाला तेच सांगत राहिली, काय होतं, कुठून आलं, कुणी धुतलं. एक आजोबा मात्र पिशवी न देताच घरी निघाले.

"चांगलाय की मसूर," ते म्हणाले. "आता कुठे बिनकिड्याचा मिळाला. आम्हाला सवय झालीये."

आईनं त्यांच्या हातातून पिशवी घेतली. ओढूनच घेतली.

परत आलेलं सगळं अंगणात ओतलं गेलं तेव्हा त्याचा ढीग झाला, छान, निवडलेला, चकचकीत. उन्हात तो तापला आणि वास असा सुटला की आता घरातल्या सगळ्यांनाच आला. सकाळपासून बाहेर फिरलेल्या आईला आला, फडकं धुऊन धुऊन थकलेल्या ताईला आला. मांजर लांबून आलं, हुंगलं, आणि पाय झटकत गेलं. ढीग कुठे टाकायचा हाही प्रश्नच होता. नदीत नको. उकिरड्यावर कोंबड्या येतात. बाबा म्हणाले, कारखान्याच्या गाडीतून जे जातं त्याच्याबरोबरच जाऊ दे, मी बोलतो. ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

संध्याकाळी काकूंनी त्यांच्या बहिणीकडून तांदूळ आणि मसूर आणून दिला, दुसऱ्या भागातल्या दुकानातला. आईनं तो हुंगला, कुजबूजकडे दिला. तिनं हुंगला. कशाचाच वास नव्हता. थोडी धूळ, थोडं पोतं. तिच्या तळहातावर एक जिवंत सोंडा चालत होता. आईनं त्याला उडवलं नाही.

भात शिजला, मसूर शिजला. ताईनं कालवला, गुळगुळीत केला. "तू भरव," ती कुजबूजला म्हणाली. "मला नाही जमायचं."

गोळू भुकेनं रडकुंडीला आला होता. चमचा पाहून त्यानं नेहमीसारखं तोंड भरपूर उघडलं. कुजबूजनं चमचा आत ठेवला. तोंड मिटलं.

आणि त्याचा चेहरा बदलला.

कपाळ आक्रसलं, नाक वर गेलं, जीभ बाहेर आली आणि त्या जिभेवरून तो स्वच्छ, ताजा घास हळूहळू खाली आला, हनुवटीवर, छातीवर. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिनं त्याच्या तोंडात माती घातली होती. जेवण कसं लागतं हे त्याला माहीत होतं, आणि हे ते नव्हतं.

"खा रे, राजा," ताई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "अरे हे चांगलं आहे रे!"

दुसरा चमचा. थू. तिसरा. तो मान फिरवून स्वयंपाकघराकडे बोट दाखवू लागला, जुनं पातेलं जिथे असायचं तिकडे. उं, उं. आई भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर हात ठेवून. बाबा बाहेरच्या नळावर अंगाला साबण लावत होते. केव्हापासून लावत होते.

"आ कर," कुजबूज म्हणाली. पोटातून नाही, अगदी हळू, त्याच्या कानाशी. "आ कर, गोळू. थोडंच. मावशीसाठी."

बराच वेळ गेला. शेवटी भूक जिंकली. त्यानं घास आत घेतला, डोळ्यांतून पाणी काढत, अंग शहारत, तोंडात इकडून तिकडे फिरवत, एखादं मेलेलं काहीतरी तोंडात आल्यासारखा, आणि तिच्याकडे पाहत, पूर्ण किळसेनं, गिळला.

कुजबूजनं पुढचा चमचा भरला.